निकाल लागला तो दिवस, कळला तो दिवस

दिवाणी कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालपत्राची सही-शिक्क्याची प्रत हातात येते तेव्हा तिच्यावर तीन तारखा नोंदलेल्या असतात. अर्ज केला ती, नक्कल तयार झाली ती आणि दिली ती. पक्षकाराचे तिकडे लक्ष नसते. दावा मंजूर की नामंजूर, एवढेच तो शोधत असतो. वकिलाची नजर मात्र आधी त्या तारखांवर जाते, कारण अपील मुदतीत आहे की नाही ते तिथे कळते. मुदत उलटलेली असेल तर अपिलाबरोबर आणखी एक कागद लिहायला घ्यावा लागतो, विलंब माफीचा अर्ज.

दोन-तीन पानांचा अर्ज, सोबत शपथपत्र. दिसायला किरकोळ, आणि कोर्टाच्या नोंदवहीतही तो ‘दिवाणी किरकोळ अर्ज’ म्हणूनच चढतो. पण एखाद्याची वडिलोपार्जित जमीन, राहते घर, भावाभावांतली वाटणी त्याच्यावर अडून राहते. मूळ बाजू कितीही भक्कम असली तरी हा अर्ज फेटाळला गेला की ती बाजू वरच्या कोर्टात कोणी उघडून पाहत नाही. इतके ज्याच्यावर अवलंबून आहे तो अर्ज बहुतेक वेळा सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जातो, आणि मला या विषयात सर्वांत जास्त टोचते ते हेच.

कायदा थोडक्यात सांगतो. मुदत कायदा 1963 हा 1 जानेवारी 1964 पासून लागू आहे. त्याचे कलम 3 कठोर आहे. मुदतीनंतर आलेला दावा, अपील किंवा अर्ज कोर्टाने फेटाळलाच पाहिजे, समोरच्याने हरकत घेतली नसली तरीही. या भिंतीला कलम 5 ने एक दार ठेवले आहे. मुदतीत न येण्याला ‘पुरेसे कारण’ होते अशी कोर्टाची खात्री पटवली, तर अपील किंवा अर्ज उशिरानेही दाखल करून घेता येतो. मूळ दाव्याला हे दार नाही. ज्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे तो चौथ्या वर्षी आजारपणाचे कारण सांगून आणता येत नाही. दरखास्तीच्या कामातले, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 खालचे अर्जही त्यातून वगळले आहेत. 1908 च्या जुन्या कायद्यात हे कलम मोजक्याच अर्जांना लागू होते. 1963 ने ते बहुतेक सगळ्या अर्जांना खुले केले.

अपिलाच्या मुदती दोन लक्षात ठेवल्या तरी बरेच काम भागते. जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. मोजणी कशी होते ते उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांनी 3 जूनला निकाल दिला. तो दिवस धरायचा नाही. 4 जूनपासून मोजले तर तिसावा दिवस 3 जुलैला येतो. पक्षकाराने 5 जूनला नकलेचा अर्ज टाकला आणि नक्कल 16 जूनला तयार झाली, तर ते 12 दिवस कलम 12 प्रमाणे वजा होतात आणि मुदत 15 जुलैपर्यंत जाते. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील चालते. आता हेच अपील 20 ऑगस्टला दाखल झाले तर उशीर 36 दिवसांचा. अनेक अर्जांत निकालाच्या तारखेपासून सरसकट दिवस मोजून ‘78 दिवसांचा विलंब’ असे लिहिलेले असते. नसलेला उशीर स्वतःच्या अंगावर घेण्याचा हा प्रकार. उलट बाजूने, नकलेचा अर्जच मुदत संपल्यावर केला असेल तर नकलेचे दिवस वजा होत नाहीत. आणि हुकूमनामा तयार करायला कोर्टाने घेतलेला वेळ, नकलेचा अर्ज करण्यापूर्वीचा असेल, तर तोही मिळत नाही. ‘हुकूमनामा तयार नव्हता म्हणून थांबलो’ हे कारण आता फारसे टिकतही नाही, कारण निकालपत्राच्या प्रतीवर अपील दाखल करण्याची मुभा संहितेत आहे.

या सगळ्या मोजणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. निकाल लागला त्या दिवशी तो पक्षकाराला कळला. प्रत्यक्षात दावा दहा-बारा वर्षे चाललेला असतो. पक्षकार पहिली काही वर्षे प्रत्येक तारखेला येतो, मग वकील सांगतात की ‘काम असेल तेव्हा बोलावतो’. उलटतपास होतो, युक्तिवाद होतो, निकालाची तारीख दोन-तीनदा पुढे जाते आणि एका दुपारी निकाल जाहीर होतो तेव्हा पक्षकार ऊसतोडीला गेलेला असतो, नाहीतर मुंबईत नोकरीवर असतो. त्याला कळते ते बेलीफ ताबा घ्यायला दारात उभा राहतो तेव्हा, किंवा समोरचा नांगर घालतो तेव्हा. या दोन दिवसांमधले अंतर कोर्टाला पटेल असे मांडणे, हेच विलंब माफीचे खरे काम.

कायद्याला हे अंतर अजिबात ठाऊक नाही असे नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याची मुदत 30 दिवसांचीच आहे, पण समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. अपिलाला मात्र ही सवलत नाही. अपिलात अज्ञान हे ‘कारण’ म्हणून मांडावे लागते आणि सिद्ध करावे लागते.

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने मुद्दाम केलेली नाही. ती कोर्टांनी निकालानिकालातून घडवली. सर्वोच्च न्यायालयाचा या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा 1961 चा, रेवा कोलफिल्ड्स प्रकरणाचा. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या साताऱ्याचे, प्र. बा. गजेंद्रगडकर. उशीर एका दिवसाचा होता. शेवटच्या दिवशी अपिलार्थी आजारी पडला, दुसऱ्या दिवशी अपील दाखल झाले. खालच्या न्यायालयाचे म्हणणे असे की आधीचे सगळे दिवस तो काय करत होता तेही सांगावे. गजेंद्रगडकरांनी ते मानले नाही. मुदत ही पक्षकाराची आहे, ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरण्याचा त्याला हक्क आहे. स्पष्टीकरण द्यायचे ते मुदतीच्या अखेरच्या दिवसापासून पुढच्या काळाचे. त्याच निकालात त्यांनी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली. मुदत संपली की हुकूमनामा मिळवणाऱ्याला एक हक्क प्राप्त होतो, तो सहज हिरावून घेता येत नाही. शिवाय कारण पुरेसे ठरले तरी माफी आपोआप मिळत नाही, ते कोर्टाच्या विवेकावर राहते. पुढच्या साठ वर्षांतला सगळा वाद या दोन वाक्यांमध्ये हेलकावे खात राहिला आहे.

1987 मध्ये लंबक उदारतेकडे गेला. अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात जम्मू-काश्मीर सरकारचे अपील 4 दिवस उशिरा आले म्हणून उच्च न्यायालयाने फेटाळले होते. वाढीव मोबदल्याची रक्कम चौदा लाखांच्या घरात होती. सर्वोच्च न्यायालयाने माफी दिली आणि सांगितले की मुद्दाम उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो, उलट धोकाच असतो. तांत्रिकता आणि न्याय समोरासमोर आले तर न्यायाला झुकते माप द्यावे. ‘दररोजच्या उशिराचा खुलासा करा’ हे सूत्र इतके ताणू नये की उद्या तासातासाचा आणि क्षणाक्षणाचा हिशेब मागावा लागेल. विलंब माफीच्या अर्जावर युक्तिवाद करताना आजही पहिला दाखला या निकालाचा दिला जातो, अगदी ज्या प्रकरणाशी त्याचा काडीचा संबंध नाही तिथेही.

मला या मालिकेतला सर्वांत बोलका निकाल वाटतो तो 1998 चा, मद्रासहून आलेल्या प्रकरणातला. मिळकतीच्या मालकीचा दावा, एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करण्याचा अर्ज केलेला, पण वकील हजर राहिले नाहीत म्हणून तोही काढून टाकला गेला. त्या वकिलांनी वकिली सोडून एका कंपनीत नोकरी धरली होती आणि पक्षकाराला काही कळवले नव्हते. त्याला कळले ते अंमलबजावणीची नोटीस आल्यावर. उशीर 883 दिवस. पक्षकार स्वस्थ बसला नाही. त्याने वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली आणि पन्नास हजार रुपयांची भरपाईही मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने माफी मान्य करताना एक कसोटी सांगितली. उशीर किती, हा प्रश्न नाही, खुलासा पटतो का, हा आहे. कधी अगदी थोडा उशीर माफ होत नाही, कधी खूप मोठा होतो. पण समोरच्याला झालेल्या त्रासापोटी दहा हजार रुपये द्यायला लावले. वकिलाची चूक होती हे नुसते लिहिले नव्हते, त्या चुकीबद्दल पक्षकाराने काय केले ते दाखवले होते, म्हणून खुलासा पटला. (ती ग्राहक मंचाची वाट आता बंद झाली आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला.)

याउलट ‘माझ्या पूर्वीच्या वकिलांनी मला निकाल कळवला नाही’ एवढ्या एका ओळीवर उभा असलेला अर्ज. अशा अर्जांकडे कोर्ट आता संशयाने पाहू लागले आहे आणि तसे पाहण्यात गैर काही नाही. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, हे तत्त्व 1981 पासून चालत आले आहे. पण आपल्या कामाची चौकशी करणे हेही पक्षकाराचेच कर्तव्य आहे, असे अलीकडचे निकाल बजावतात. ज्या वकिलावर ठपका ठेवता त्याला पत्र लिहिले का, त्याच्याकडून कागद परत घेतले का, नवीन वकीलपत्र कधी दिले, याची उत्तरे तारखांसह नसतील तर तो ठपका पोकळ ठरतो.

2010 पासून लंबक परत फिरला. वारस रेकॉर्डवर घ्यायला झालेला 778 दिवसांचा उशीर त्या वर्षी माफ झाला नाही. 2012 मध्ये टपाल खात्याच्या लिव्हिंग मीडियाविरुद्धच्या प्रकरणात 427 दिवस. सरकारी फाइल टेबलावरून टेबलावर जायला वेळ लागतो, ही सबब नव्या तंत्रज्ञानाच्या काळात चालणार नाही, कायदा सरकारलाही तोच लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले. 2013 मध्ये रघुनाथपूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात 2449 दिवसांचा उशीर उच्च न्यायालयाने माफ केला होता, तो आदेश रद्द झाला. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकारचे 663 दिवस उशिराचे प्रकरण फेटाळताना न्यायालयाने 25,000 रुपयांचा खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. त्यातले निरीक्षण वाचताना वाईट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचा शिक्का मिळवून फाइल बंद करण्यासाठीच अशी प्रकरणे येतात, असे न्यायालयाला लिहावे लागले. 2024 मध्ये पुण्यातल्या भाड्याच्या जागेच्या वादात केंद्र सरकारचा उशीर तब्बल 12 वर्षे 158 दिवसांचा निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो माफ केला नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बरोबर ठरवले. 2025 मध्ये कर्नाटक गृहनिर्माण मंडळाला उच्च न्यायालयाने 3966 दिवस माफ केले होते, तेही सर्वोच्च न्यायालयाने उलटवले.

सरकारबाबतची ही कडक भूमिका मला पूर्ण मान्य आहे. सरकारकडे कायद्याचे खाते आहे, पॅनेलवर वकील आहेत. पण याच कडकपणाची झळ सामान्य माणसाला लागते तेव्हा थांबून पाहावेसे वाटते. आंध्रातल्या तेलुगू गंगा प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या वारसांचे अपील 5659 दिवस उशिरा आले. म्हणजे साडेपंधरा वर्षे. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. इतका उशीर माफ करणे कठीणच होते, आणि बरेच वारस निकाल मान्य करून गप्प बसले होते हेही न्यायालयाने पाहिले. पण दहा वर्षांपूर्वी, 2014 मध्ये, हरियाणातल्या जमीन गेलेल्यांना त्याच न्यायालयाने वेगळी वाट दाखवली होती. उशीर माफ, पण उशिराच्या काळाचे व्याज नाही. भूसंपादनात मला ही वाट न्यायाची वाटते. तिथे समोरचा पक्ष म्हणजे शासन. जमीन त्याच्या ताब्यात कधीच गेलेली असते. शेजारच्या गटाला जो दर मिळाला तोच उशिरा आलेल्याला दिला तर कोणाच्या घराचा पाया हलत नाही, आणि उशिराची किंमत उशीर करणाऱ्यानेच मोजलेली असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या धरणांखाली जमिनी गेलेल्या कितीतरी कुटुंबांना हा फरक पोटाचा आहे.

दोन माणसांमधल्या दाव्यात मात्र चित्र बदलते, आणि विलंब माफीवर लिहिताना ज्याचा सहज विसर पडतो तो माणूस इथे येतो, म्हणजे जिंकलेला. त्याने पंधरा वर्षे दावा लढवला, निकाल लागला, मुदत गेली, कोणी अपील केले नाही. त्याने कर्ज काढून विहीर खणली, घरावर मजला चढवला, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकला. चार वर्षांनी जिल्हा न्यायालयाची नोटीस येते. त्याच्या दृष्टीने निकालाचा दिवस हाच खरा दिवस, समोरच्याला कळले कधी हा त्याचा प्रश्न नाही. म्हणून अर्जावर त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय माफी देऊ नये, आणि माफी दिलीच तर खर्चाची रक्कम नाममात्र असू नये. पाचशे रुपये भरून चार वर्षे परत मिळत असतील तर तो खर्च नव्हे.

1976 च्या दुरुस्तीने संहितेत याच माणसासाठी एक तरतूद आली, ऑर्डर 41 चा नियम 3-अ. उशिराचे अपील विलंब माफीच्या अर्जासह आणि शपथपत्रासह आणायचे, आणि अपील ऐकून घ्यायचे ठरत नाही तोवर हुकूमनाम्याला स्थगिती द्यायची नाही. अर्ज सोबत नसेल तर अपील मेलेच असे नाही. तो नंतरही देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले. पण स्थगितीचा भाग पक्षकाराने नीट समजून घ्यायला हवा. ‘अपील केलंय, आता काही होत नाही’ या भरवशावर राहिलेल्यांच्या हातून विलंब माफीचा अर्ज समोरच्याच्या म्हणण्यासाठी तारखेवर असतानाच ताबा जातो.

काही ठिकाणी हे दार मुळात अर्धेच उघडते. लवादाचा निवाडा रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांत करायचा, कारण असेल तर आणखी 30 दिवस, पुढे एक दिवसही नाही. व्यापारी न्यायालयांच्या अपिलाला 60 दिवस. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले की तिथे थोडासा उशीर अपवाद म्हणून माफ होऊ शकतो, पण नियम म्हणून नाही. गोव्याची गोष्ट वेगळीच होती. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतल्या मुदती हा स्थानिक कायदा म्हणून चालू राहतील असे 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. 2001 मध्ये त्याच न्यायालयाने मत बदलले आणि 1963 चा कायदा गोव्यालाही लागू ठरवला. करोनाच्या काळात 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीतून वगळला गेला. तेवढ्यापुरते कोणालाही कारण सांगावे लागले नाही.

आणि महसुलाकडे तर हे दार सताड उघडे वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 250 प्रमाणे प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध अपील 60 दिवसांत करायचे. कलम 251 ने पुरेशा कारणासाठी उशिराची मुभा दिली. ‘सातबारा काढला तेव्हा कळले’ हे वाक्य तिथे इतके चालते की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे फेरफारही पुन्हा उकरले जातात. बहिणींना न विचारता नावे कमी केली गेली, हे अनेकदा खरेच असते. पण त्याच दारातून केवळ जमिनीचे भाव वाढले म्हणून जागे झालेलेही आत येतात.

मग चांगला अर्ज कसा असतो? तो आधी मोजणी बिनचूक करतो. मग कळल्याची तारीख सांगतो आणि कसे कळले तेही, बेलिफाकडून, तलाठ्याकडून की गावातल्या कोणाकडून. त्यानंतर नकलेचा अर्ज, पैशाची जुळवाजुळव, नवा वकील, प्रत्येक टप्प्याला दिवस. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद त्या तारखांचे असतात. अपील दाखल करायच्या आदल्या आठवड्यात, मागचे सगळे महिने एका ओळीत घालून घेतलेला दाखला नव्हे. असा दाखला खऱ्या आजाऱ्यालाही खोटा ठरवतो. कारण आणि सबब यांत फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणते. सबब जबाबदारी झटकण्यासाठी असते, कारणात घडले ते सांगितलेले असते. माझ्या मते ज्या अर्जात ‘इथे माझी चूक झाली, हे दहा दिवस मी पैसे जमवण्यात घालवले’ असे सरळ लिहिलेले असते, तो अर्ज वाचणाऱ्याला जास्त पटतो. शेतकऱ्याला कोर्ट फी आणि वकिलाची फी एका दिवसात उभी करता येत नाही, हे न्यायाधीशालाही माहीत असते.

अर्ज फेटाळला तर त्यासोबत अपीलही मुदतबाह्य म्हणून संपते. असा निर्णय हाही अपिलातलाच निर्णय, असे 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले असल्याने दुसऱ्या अपिलाची वाट उरते. मंजूर झाला तर समोरचा बहुधा रिट घेऊन उच्च न्यायालयात जातो. मूळ वाद बाजूला राहून नुसत्या उशिरावर चार-पाच वर्षे जातात.

हे टाळायचे तर उशीर जिथे जन्मतो तिथेच हात घालायला हवा. निकाल त्याच दिवशी द्यायचा नसेल तर त्यासाठी दिवस नेमून ‘पक्षकारांना किंवा त्यांच्या वकिलांना’ सूचना द्यावी, असे संहितेच्या ऑर्डर 20 चा पहिला नियम सांगतो. वकिलाला कळवले की पक्षकाराला कळवल्यासारखेच. प्रत्येक दाव्याच्या फाइलमध्ये पक्षकाराने पहिल्याच दिवशी दिलेली पत्ता पुरशिस लावलेली असते, आता मोबाईल क्रमांकही असतो. त्या पत्त्यावर निकालाच्या दिवशी कोर्टाकडून एक पत्र आणि त्या क्रमांकावर एक संदेश गेला, आणि गेल्याची नोंद रोजनाम्यात झाली, तर खऱ्याला अर्ज करायची वेळ येणार नाही आणि खोट्याला ‘कळलेच नाही’ म्हणता येणार नाही. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. त्या नियमातल्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पुरेल.